थंड झालेल्या सॉसला किती गुण?

मित्रहो, पत्रिकेत विषय छापलाय, 'टीव्हीवरच्या स्पर्धांत मुरलेल्या शेफना गुण कसे द्यावेत'. तिथे येतोच. पण आधी एका सॉसबद्दल बोलू द्या.

एका वाहिनीच्या स्पर्धेत मी परीक्षक होतो. उभा जन्म किचनमध्ये काढलेल्या एका शेफबाईंनी माशावर बर ब्लाँ, म्हणजे लोण्याचा फ्रेंच सॉस, केला होता. लोणी, व्हिनेगर, वाइन, शॅलट म्हणजे छोटा कांदा, बस. ज्यांनी तो केलाय त्यांना ठाऊक आहे, 58 अंशांच्या वर गेला की लोणी सुटतं, 30 च्या खाली उतरला की गोठतं, आणि गोठलेला पुन्हा तापवला की फाटतो. मधल्या त्या पट्ट्यात तो धरून ठेवायचा, यातच हाताची सगळी कमाई. बाईंनी धरला होता. मी ओट्यापाशीच उभा होतो. चमच्याच्या पाठीवर एकसारखा बसलेला, बोट ओढलं की रेघ तशीच राहणारा सॉस मी या डोळ्यांनी पाहिला.

मग प्लेट गेली कॅमेऱ्यापुढे. वरून एक शॉट, बाजूनं एक, दिवे हलवले, पुन्हा एक. आमच्या टेबलावर आली तेव्हा सॉसवर सुरकुती धरली होती. शेजारचे परीक्षक म्हणाले, "सॉस जमलेला नाही." मी तिथल्या तिथे हरकत घेतली. प्रक्षेपणात त्यांचं वाक्य राहिलं, माझी हरकत कापली. बाई बाहेर. तो राग अजून उतरलेला नाही.

इथे शेफ किती आहेत? हात वर करा. चार. तुमच्यापैकी कुणी अशी प्लेट पासवरून, म्हणजे किचनमधून प्लेट जिथून निघते त्या ओट्यावरून, बाहेर जाऊ दिली असती? बघा, चौघांच्या माना एकदम हलल्या! एका किचनमध्ये ठेवले तर मिठावरही यांचं एकमत व्हायचं नाही.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. तर भरभर सांगतो.

'आयर्न शेफ' हा शेफच्या स्पर्धेचा कार्यक्रम 1993 मध्ये जपानच्या फूजी टीव्हीवर सुरू झाला. मुख्य घटक ऐनवेळी कळणार, हातात 60 मिनिटं. अमेरिकी आवृत्तीत प्रत्येक परीक्षकाकडे 20 गुण असत : चव 10, मांडणी 5, कल्पकता 5. हौशी माणसाला ही मोजपट्टी चालेल. मुरलेल्या शेफच्या बाबतीत आधी विचारावं, याला करायचं काय होतं आणि ते साधलं का? त्याला या वीसात रकानाच नाही. मग परीक्षकाची आवड चवीच्या दहात शिरते. 2009 च्या 'टॉप शेफ मास्टर्स' या मुरलेल्या शेफच्या अमेरिकी स्पर्धेत जेवणाऱ्यांनी दिलेले तारेही गुणांत धरले, ते मला पटलं. फ्रान्समधल्या लियाँच्या 'बोक्यूज द'ऑर'मध्ये, 1987 पासूनची स्पर्धा ती, शेफना सुमारे साडेपाच तास मिळतात, आणि किचनमधलं काम पाहणारे परीक्षक वेगळे असतात. टीव्हीवाल्यांनी एवढं तरी उचलावं. एक परीक्षक ओट्यापाशी उभा करा. शेफनं काय साधायचंय ते आधी एका ओळीत लिहून द्यावं. परीक्षकानं चव पातेल्यातून घ्यावी, गुण तिथेच मांडून पाकीट बंद करावं. मग हवं तेवढं शूटिंग करा.