हुक गेला, खटका आला: न्हावा शेवाची पेटी

[दृश्य: घारापुरीचा धक्का, समोर बंदर]
इथे उतरलेला माणूस लेण्यांकडे चालू लागतो, आपण जरा उलट्या दिशेला बघूया. समोर न्हावा शेवा. या क्रेन, या रचलेल्या पेट्या म्हणजे कंटेनर, सगळं 1989 नंतरचं, त्याआधी तिकडे मिठागरं, भातशेती आणि कोळ्यांच्या होड्या.

[दृश्य: पेटीचा कोपरा, अगदी जवळून]
आता हा कोपरा बघा. पोलादी ठोकळा, त्याला लांबट भोक. क्रेनचा स्प्रेडर, म्हणजे पेटी उचलणारी चौकट, वरून येतो, त्याचे चार खटके चार भोकांत बसतात, काटकोनात फिरतात आणि झालं लॉक, पेटी हवेत. शांघायला जा नाहीतर रॉटरडॅमला, हेच भोक आणि हेच माप, वीस फुटी नाहीतर चाळीस फुटी, कारण 1960 च्या दशकात बरीच भांडाभांडी होऊन शेवटी सगळ्यांनी एक स्टँडर्ड मान्य केलं. आम्हाला विचाराल तर जहाजापेक्षा मोठा शोध हा कोपराच.

आयडिया एका अमेरिकन ट्रकवाल्याची, माल्कम मॅकलीन त्याचं नाव. 26 एप्रिल 1956 ला त्याचं आयडियल एक्स जहाज नेवार्कहून ह्यूस्टनला 58 पेट्या घेऊन निघालं. सुटा माल हाताने चढवायला टनामागे 5 डॉलर 86 सेंट पडायचे, पेटीतून जेमतेम 16 सेंट.

[दृश्य: जुना हुक, आजोबांचा हात]
आणि हा गोदीतला हुक. लाकडी मूठ घामाने काळी गुळगुळीत झालीय, टोक अजून तसंच. कोकणातला चाकरमानी मुंबईला गेला की गिरणीत नाहीतर गोदीत, आणि गोदीत म्हणजे हा हुक, पोती, पेटारे, पिंपं, एकेक नग उतरवायचा, जहाज कितीतरी दिवस धक्क्याला लागलेलं, तेवढे दिवस गँगला, म्हणजे कामगारांच्या टोळीला, काम आणि गावाला मनीऑर्डर. कंटेनर आले, गँग बिनकामाच्या झाल्या.

[दृश्य: जासईचं हुतात्मा स्मारक]
जानेवारी 1984. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली बंदराशेजारच्या उरणचे शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण गेले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित प्लॉट परत मिळाले ते या लढ्यामुळे, कोणी मेहरबानी म्हणून दिले नाहीत.

[दृश्य: ट्रेलरची रांग]
आता वर पालघरात वाढवणला 20 मीटर खोलीचं बंदर येतंय, ऑगस्ट 2024 मध्ये भूमिपूजनही झालं, तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे, त्यावर वेगळा व्हिडिओ करतोय.