सुपारीच्या बेटावरची बाग

(नाशिकमध्ये दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, येताना सोमेश्वरवरून आलो. धबधबा नुसता फेसाळतोय, आणि त्याच्यापेक्षा जास्त गर्दी भज्यांच्या गाड्यांवर! आज बोलायचंय ते मलेशियातल्या पेनांगच्या वनस्पती उद्यानाबद्दल. तिथले लोक त्याला आजही धबधब्याची बागच म्हणतात. पेनांगचं मलय नाव पुलाव पिनांग, म्हणजे सुपारीचं बेट, त्यामुळे पानसुपारीवाल्यांना ते परकं वाटायचं कारण नाही.

पण गोष्ट सुरू होते जायफळापासून. श्रीखंडात आपण चिमूटभर उगाळून घालतो ना, तेच. हे झाड मूळचं बांदा बेटांवरचं, आणि डचांनी ती बेटं मुठीत आवळून धरलेली. १७९६ साली इंग्रजांनी ती बळकावली. मग ईस्ट इंडिया कंपनीच्या ख्रिस्तोफर स्मिथ नावाच्या माळ्याने जायफळ-लवंगांची रोपं जहाजांत भरभरून पेनांगला धाडली. तिथे मसाल्याची बाग उभी राहिली. ही बाग फिरायला नव्हती, धंद्याला होती. डचांची मक्तेदारी मोडायची, एवढाच हिशेब. काही वर्षांत कंपनीने ती विकूनही टाकली.

१८२२ मध्ये नॅथॅनियल वॉलिच या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने दुसरी बाग झाली. तीही १८३४ साली गव्हर्नर मर्चिसनने विकली. का? तर बागेतून स्वयंपाकघरात भाजी येत नाही, अशी मडमबाईंची कुरकुर होती, असं सांगतात. खरंखोटं देव जाणे. पण वनस्पतिशास्त्राकडून मेथीच्या जुडीची अपेक्षा ठेवणारे लोक मी आपल्याकडेही पाहिलेत.

तिसरी बाग टिकली. १८८४ साली चार्ल्स कर्टिसने ती सुरू केली. हा गडी आधी इंग्लंडमधल्या व्हीच रोपवाटिकेसाठी बोर्निओ, सुमात्रा अशी जंगलं तुडवत रोपं गोळा करत असे. घटपर्णीच्या एका जातीला त्याचं नावही दिलं गेलं होतं. त्याला जागा मिळाली ती धबधब्याखालच्या दरीतली, ग्रॅनाइटची जुनी खाण. सारूळच्या खाणी डोळ्यांपुढे आणा आणि तिथे नाजूक ऑर्किड लावायला कुणी सांगितलंय असं समजा! त्याने तिथे वाटा काढल्या, झाडं लावली आणि जवळपास वीस वर्षं ती बाग वाढवली.

ती का टिकली, याचं माझं उत्तर असं : पहिल्या दोन बागांची जमीन विकण्याजोगी होती. ही दरी मात्र गावाचं पाणी होती. शहराला आणि बंदरात लागणाऱ्या जहाजांना पाणी त्या धबधब्याचंच. आपला पाण्याचा उगम कोण लिलावात काढेल?

पण थांबा, त्याच पाण्याने ही बाग जवळजवळ गिळलीही होती. १९१० साली ती पालिकेकडे देऊन तिथे जलाशय करायचा बेत शिजला. गंगापूर धरणाखाली काय काय गेलं, हे ऐकून असलेल्या माणसांना त्याचा अर्थ सांगायला नको. सुदैवाने तो बेत बारगळला.

आज तिथे कैलासपतीची झाडं आहेत. खोडालाच फुलं, खोडालाच तोफगोळ्यांसारखी फळं. फळ पिकल्यावर त्या झाडाखाली उभं राहू नये. माकडं तर त्र्यंबकेश्वरची आठवण करून देतील इतकी धीट. आणि शेजारच्या टेकडीला तमिळ मंडळी ‘तण्णीरमलै’ म्हणतात, म्हणजे पाण्याचा डोंगर. तिथे मुरुगनचं, म्हणजे कार्तिकेयाचं देऊळ आहे आणि तैपूसमच्या सणाला कावडी घेऊन माणसांची रीघ लागते. पंढरीची वाट धरणाऱ्या माणसाला ती गर्दी लगेच ओळखू येईल.

धबधबा मात्र सहजी जवळून दिसत नाही. तो भाग पाणीपुरवठ्याच्या ताब्यात, त्यामुळे वाट फाटकाशी अडते. मी गेलो त्या सकाळी फाटकाला कुलूप होतं. झाडीआडून आवाज तेवढा येत होता, आणि माझ्या पिशवीतलं केळं एव्हाना माकडाच्या हातात होतं.