मॅगी स्मिथ : हशा थांबल्यानंतर

(दृश्य : बड्या इंग्रज घराण्यातलं रात्रीचं जेवण. काट्या-चमच्यांचे आवाज.)

घराचा नवा वारस सांगतोय की तो आपली वकिली सोडणार नाही. इस्टेटीचं काम उरलेल्या वेळात बघेल, शिवाय वीकेंड आहेच. टेबलाशी बसलेली म्हातारी मान वळवते आणि विचारते, ‘वीकेंड म्हणजे काय?’

‘डाउन्टन ॲबी’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेतलं हे वाक्य जगभर गाजलं. कागदावर वाचलं तर त्यात फारसं काही नाही. दुसरी एखादी नटी ते टोमणा म्हणून फेकून टाळी घेऊन गेली असती. मॅगी स्मिथ ते खरोखरच्या कुतूहलानं विचारते. जिला जन्मात कधी सोमवारी कामावर जावं लागलं नाही, तिला शनिवार-रविवारचं काय अप्रूप! आपण हसतो, आणि आपण का हसलो याचा त्या बाईला पत्ताच नसतो.

(दृश्य : जुनं ऑक्सफर्ड. कृष्णधवल छायाचित्रं.)

जन्म १९३४चा, लंडनच्या कडेला असलेल्या इलफर्डचा. वडील पॅथॉलॉजिस्ट. त्यांच्या नोकरीमुळे कुटुंब ऑक्सफर्डला आलं आणि तिथल्याच प्लेहाउसमध्ये ती नाटक शिकली. सुरुवातीची वर्षं गेली गाण्या-विनोदाच्या रेव्ह्यूमध्ये. ते नाकातून येणारे लांबट स्वर, मनगटाचे ते झटके हे सगळं तिथलं. विनोदी नटी असा शिक्का बसायला एवढं पुरेसं होतं.

तो शिक्का न बघता लॉरेन्स ऑलिव्हिए या बड्या नटानं तिला नव्या नॅशनल थिएटरमध्ये घेतलं आणि १९६४ साली स्वतःच्या ऑथेल्लोसमोर डेस्डिमोना म्हणून उभं केलं. या काळातला एक किस्सा नाटकवाले आजही रंगवून सांगतात. ऑलिव्हिएनं तिच्या स्वरोच्चारांवर बोट ठेवलं होतं. एका प्रयोगाआधी तो मेकअपला बसलेला, अंगभर तपकिरी रंग फासलेला. (आज ते बघवत नाही, पण तेव्हा ऑथेल्लो असाच रंगवायचे.) बाईंनी दारातून डोकं आत घातलं आणि उच्चार घोटून घेण्याचं शाळकरी वाक्य ठणठणीत म्हणून दाखवलं : ‘हाउ नाउ ब्राउन काउ.’

पुढे ‘द प्राइम ऑफ मिस जीन ब्रॉडी’साठी ऑस्कर आलं. दुसरं ऑस्कर १९७८च्या ‘कॅलिफोर्निया स्वीट’साठी, आणि त्यातली गंमत अशी, की त्यात तिनं ऑस्कर हुकलेल्या नटीचं काम केलं होतं.

(दृश्य : पलंगावर बसून पत्र वाचणारी एक प्रौढ बाई.)

१९८५चा ‘अ रूम विथ अ व्ह्यू’. निर्माते आपल्या मुंबईचे इस्माईल मर्चंट. तरुण चुलतबहिणीवर पहारा ठेवायला आलेली शार्लट ही कटकटी बाई, सारखी माफी मागणारी आणि त्या माफीनंच समोरच्याला हैराण करणारी. चित्रपटभर आपण तिला हसतो. शेवटी ती एकटी, अंथरुणात, बहिणीचं पत्र वाचताना दिसते. संवाद नाही. इतका वेळ आपण कुणाला हसत होतो, हे तेव्हा लक्षात येतं आणि जरा ओशाळायला होतं.

मला विचाराल तर तिचं सगळ्यात अवघड काम टीव्हीवरचं आहे. १९८८, बीबीसी, ॲलन बेनेटचं एकपात्री ‘बेड अमंग द लेन्टिल्स’. पाद्र्याची बायको सुझन. चोरून पिते, अगदी चर्चमधली वाइनसुद्धा सोडत नाही. तिच्याकडे नीट बघणारा एकच माणूस, लीड्समधला भारतीय दुकानदार रमेश. त्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, डाळींच्या पोत्यांमध्ये त्यांचं प्रेम जमतं. समोर फक्त कॅमेरा, आणि त्याला धरून बोलत राहायचं. मनगटं गप्प, आवाज सपाट. विनोदी वाक्यं ढिगानं आहेत, पण एकाही वाक्यावर ती हशासाठी थांबत नाही. सुझनला स्वतःची कीव करायची नाही, म्हणून मॅगीही करत नाही. काम कमी करणं किती कठीण असतं, ते इथे बघावं.

हॅरी पॉटरमधल्या मॅक्गोनागल बाईंमुळे ती आपल्याकडच्या पोराटोरांनाही ठाऊक झाली. त्या मालिकेच्या मधल्या काळात तिच्यावर कॅन्सरचे उपचारही चालू होते. तरी माझं प्रामाणिक मत, त्या उंच टोपीनं तिच्यातलं चार आणेही वापरलं नाही.

(दृश्य : लंडनचं ब्रिज थिएटर. रिकामा रंगमंच, एक खुर्ची.)

२०१९. बारा वर्षं रंगभूमीपासून लांब राहिलेली मॅगी चौऱ्याऐंशीव्या वर्षी परतली, तीही शंभरेक मिनिटांचं एकपात्री घेऊन. नाटक ‘अ जर्मन लाइफ’, भूमिका हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या कार्यालयातल्या टायपिस्टची. ब्रुनहिल्डे पॉमसेल, १०६ वर्षं जगलेली. आम्हाला काही माहीतच नव्हतं, हे तिचं पालुपद.

म्हातारी आठवत आठवत बोलते. मध्येच अडखळते, एखाद्या तपशिलाशी घुटमळते, किरकोळ गोष्टीवर खुदकन हसते, आणि प्रेक्षकही हसतात. बाई विसरलीय, की तिला आठवायचंच नाही, हे मॅगी कळू देत नाही. २७ सप्टेंबर २०२४ला ती गेली, एकोणनव्वदाव्या वर्षी. रंगमंचावरचं तिचं हे शेवटचं काम : एका खुर्चीवर बसून, उभं राहण्याचीही गरज न पडता.