मामांच्या बोटातला हिरवा रंग

(दृश्य: काटोलकडची संत्र्याची बाग, सकाळची वेळ. मामांचं बोट अगदी जवळून.)

हे आमचे मामा. नागपूरहून काटोलकडं निघालं की रस्त्याला लागूनच यांची बाग. संत्र्याचं कलम जंभेरीच्या खुंटावर बांधलेलं असतं, आणि खालून जंभेरीचा फुटवा आला की तो छाटावा लागतो, त्याचे काटे लय बेकार. चार दिवसांपूर्वी असाच एक बोटात मोडला. "काही नाही रे, पिकून राहिलं, फुटलं का मोकळं होते," असं मामांचं म्हणणं. पण नीट बघा, पस नुसता पिवळा नाहीये, त्यात हिरवट झाक आहे. आपण त्या हिरव्याबद्दल बोलणार आहोत.

बहुतेकांना वाटतं हा रंग जंतूंचा. काही जंतू खरंच हिरवा रंग सोडतात, पण बरेचदा हा रंग आपल्याच पेशींचा असतो.

(दृश्य: मेडिकल चौकाजवळची लॅब, मायक्रोस्कोपखाली रक्ताची स्लाईड.)

ही जांभळी, तीन-चार तुकड्यांच्या केंद्रकाची पेशी दिसतेय ना, ती न्यूट्रोफिल. पांढऱ्या पेशींमधे निम्म्याहून जास्त ह्याच असतात. हिच्या पोटात बारीक दाणे असतात आणि त्यात मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम ठासून भरलेलं, त्यातल्या लोहामुळं ते हिरवं दिसतं. १९४१ मधे स्वीडनच्या शेल आग्नेर यांनी ते पसातूनच वेगळं काढलं आणि नावही रंगावरूनच दिलं, वर्डोपेरॉक्सिडेज, म्हंजे हिरवं पेरॉक्सिडेज.

आता याचं काम बघा. पेशी जंतू गिळते, त्याला एका पिशवीत कोंडते, तिथं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, आणि हे एन्झाइम ते पेरॉक्साइड आणि आपल्या अंगातल्या मिठातलं क्लोराइड घेऊन हायपोक्लोरस अॅसिड बनवतं. पावसाळ्यात गावच्या विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकतात ना, तिथं जंतू मारणारं रसायन हेच! आपल्या रक्तातली पेशी स्वतःच ब्लिच बनवते, मला तर हे वाचलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

पण ब्लिचला आपलं-परकं कळत नाही. पिशवीत आहे तोवर ठीक. पेशी फुटली, एन्झाइम बाहेर सांडलं की शेजारच्या चांगल्या पेशींची प्रथिनं, चरबी सगळंच जळायला लागतं. शरीरानं सोय केलीय, न्यूट्रोफिलमधे टॉरिन नावाचं एक रसायन भरपूर असतं ते हे अॅसिड टिपून घेतं, आणि लिव्हरमधून येणारं सेरुलोप्लाझ्मिन नावाचं प्रथिन बाहेर आलेल्या एन्झाइमला धरून ठेवतं. थोडंफार सांडलं तर निभावतं, रोजच सांडायला लागलं की ही सोय पुरत नाही.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांमधे हेच दिसतं. तिथं सूज वर्षानुवर्षं धुमसत असते, हे एन्झाइम एलडीएल, म्हंजे ज्याला वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, आणखी बिघडवतं, दुसऱ्या पेशी ते बिघडलेलं कोलेस्टेरॉल खाऊन फुगतात आणि भिंतीत थर साचत जातो. आणखी एक आजार आहे, त्यात शरीर या एन्झाइमविरुद्धच अँटीबॉडी बनवतं, मग बारीक रक्तवाहिन्या सुजतात, किडनी आणि फुफ्फुसं सापडतात. लघवीतून रक्त जायला लागलं तर म्हणूनच अंगावर काढू नका, डॉक्टरकडं जा, या अँटीबॉडीची रक्ततपासणी होते.

मग हे एन्झाइम नसलेलंच बरं का? काही लोकांमधे ते जन्मतःच नसतं, आणि त्यातले बहुतेक धडधाकट असतात, कारण पेशीकडं मारायची बाकीची हत्यारं असतात. पण त्यातल्या कुणाला डायबिटीस असला तर कॅन्डिडा नावाची बुरशी जोर करू शकते.

(दृश्य: दवाखाना. मामांचं बोट, चिमटा, गॉज.)

मामांना शेवटी डॉक्टरकडं नेलंच. छोटा चिरा दिला, पस निघाला, आणि त्यामागून काट्याचं टोक, ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान. ते आत होतं तोवर नव्या नव्या न्यूट्रोफिल येतच होत्या, फुटत होत्या, सांडत होत्या. आता त्यांना बोलावणारं आत काही उरलं नाही. तिसऱ्या दिवशी सूज उतरली, मामा परत बागेत, या वेळी हातमोजे घालून.