देशाचा नंबर कितवा?

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या नोव्हेंबरच्या अखेरची गोष्ट. म्हणजे २०२५ चा नोव्हेंबर. कोल्हापुरातल्या एका मैदानावर सकाळी मुलींचा सराव संपत आला होता आणि मुलांचा सुरू व्हायचा होता. मी कट्ट्यावर बसलो होतो. बारा-तेरा वर्षांची एक मुलगी बूट काढायला माझ्या शेजारी येऊन बसली. गुडघा खरचटलेला, मोज्यांत लाल माती. नाडी सोडता सोडता तिनं विचारलं, "काका, फुटबॉलमध्ये आपला नंबर कितवा?"

मी लगेच म्हणालो, "एकशे बेचाळीस."

तिनं एक बूट काढून उलटा केला, आतली माती झटकली, आणि म्हणाली, "ते मुलांचं झालं. आमचा?"

तिचा आकडा मला पाठ होता. फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या, ऑगस्टच्या यादीत भारतीय महिला संघ ६३ वर होता. तरीही 'आपला नंबर' म्हटल्यावर माझ्या तोंडातून पुरुषांचा आकडा बाहेर पडला. चाळीस वर्षं फुटबॉल पाहणाऱ्या माणसाच्या बाबतीत असं होतं, याचं मला मनापासून वाईट वाटलं. आजचं हे बोलणं त्या मुलीमुळेच सुचलेलं आहे.

फिफाची पुरुषांची क्रमवारी पहिल्यांदा आली १९९२ च्या डिसेंबरात. महिलांची यायला २००३ साल उजाडलं. तेव्हापासून या दोन याद्या वेगवेगळ्या दिवशी जाहीर होतात, वेगवेगळ्या पानांवर छापल्या जातात. दोन्ही एकत्र करून, या देशाचा फुटबॉल एकूण कुठे आहे, हे कुणी सांगत नाही. मी गेली काही वर्षं एका शंभर पानी वहीत ते करून पाहतोय. डाव्या बाजूला देश, पुढे दोन रकाने, आणि शेवटी एक तिसरा रकाना. सगळी डोकेदुखी त्या तिसऱ्या रकान्याची.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे दोन क्रमांकांची बेरीज. २०२५ च्या ऑगस्टमधली महिलांची यादी आणि सप्टेंबरमधली पुरुषांची यादी घ्या. स्पेन दोन्हीकडे पहिला. बेरीज दोन, वादच नाही. आता फ्रान्स. पुरुष दुसरे, महिला सहाव्या. बेरीज आठ. इंग्लंड? पुरुष चौथे, महिलाही चौथ्या. बेरीज पुन्हा आठ! मग पुढे कोण? बेरजेऐवजी गुणाकार केला तर फ्रान्सचे होतात बारा आणि इंग्लंडचे सोळा, म्हणजे फ्रान्स पुढे. आणि दोहोंपैकी मागे असलेला संघ कितवा आहे एवढंच पाहिलं, तर फ्रान्सचा सहा, इंग्लंडचा चार. म्हणजे इंग्लंड पुढे. आकडे तेच, आणि रीत बदलली की निकाल उलटा. रीत ठरवताना आपल्याला काय महत्त्वाचं वाटतं, ते आधी ठरवावं लागतं.

क्रमांक सोडून थेट गुणच मिळवावेत, असं कुणी म्हणेल. तिथे वेगळीच अडचण आहे. दोन्ही याद्यांचं मूळ गणित एकच, बुद्धिबळातल्या एलो पद्धतीचं. सामन्याआधी दोन्ही संघांच्या गुणांतला फरक पाहायचा, त्यावरून अपेक्षा ठरवायची, आणि निकाल अपेक्षेपेक्षा चांगला आला तर गुण वाढवायचे, वाईट आला तर कापायचे. महिलांची यादी सुरुवातीपासून या पद्धतीनं चालते. पुरुषांकडे ती २०१८ मध्ये आली. पण दोन्हीकडची मापं सारखी नाहीत. पुरुषांच्या सूत्रात फरकाला सहाशेनं भागतात, महिलांच्या सूत्रात चारशेनं. त्यामुळे शंभर गुणांनी पुढे असलेल्या पुरुष संघाकडून सूत्र ०.५९ ची अपेक्षा ठेवतं (विजय म्हणजे १, बरोबरी ०.५, हार ०), आणि तेवढ्याच फरकानं पुढे असलेल्या महिला संघाकडून ०.६४ ची. महिलांच्या यादीतले शंभर गुण पुरुषांच्या यादीतल्या दीडशेच्या तोलाचे झाले. शिवाय महिलांच्या गणितात यजमान संघाला घरच्या मैदानाचे शंभर गुण जास्तीचे धरतात आणि सामना किती गोलांनी जिंकला हेही मोजतात. पुरुषांच्या गणितात या दोन्ही गोष्टी नाहीत. शेर आणि किलो एकाच तागडीत टाकून बेरीज करता येत नाही, तसंच हे.

म्हणून मी गुणांचा नाद सोडला आणि क्रमांकांवरच थांबलो. तिथेही एक काळजी घ्यावी लागते. पुरुषांच्या यादीत २१० संघ आहेत, महिलांच्या यादीत दोनशेच्या आत. त्यामुळे ६३ आणि १४२ हे आकडे थेट शेजारी ठेवणं पुरतं बरोबर नाही. यादीचे तीन भाग केले तर आपल्या मुली पहिल्या भागाच्या काठावर दिसतात, आणि आपले पुरुष शेवटच्या भागात नुकते घसरलेले.

पुरुषांचा आणि बायकांचा खेळच निराळा, दोन्ही एकत्र कशाला मोजायचे, असं मला पुष्कळ जण विचारतात. पण या वहीत मी स्पेनच्या मुलींना स्पेनच्या मुलांविरुद्ध उतरवत नाही. प्रत्येक संघ आपापल्या यादीतच तोलला जातो. मला तोलायचा आहे तो देश. मैदानं, प्रशिक्षक, पैसा आणि वेळ एका देशानं आपल्या सगळ्या मुलांमुलींना कसा वाटून दिला, ते पाहायचं आहे.

आणि हे वाटप फार जुन्या काळापासून बिघडलेलं आहे. १९२० साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना झाला. प्रेस्टनच्या कारखान्यातल्या कामगार मुलींचा 'डिक, कर लेडीज' हा संघ खेळत होता. आत ५३ हजार माणसं, आणि बाहेर तिकीट न मिळालेले कित्येक हजार. पुढे वर्षभरातच, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांच्या सामन्यांना बंदी घातली. ती उठायला जवळपास पन्नास वर्षं गेली. जर्मनीत १९५५ ते १९७० अशीच बंदी होती. ब्राझीलनं तर १९४१ मध्ये कायदाच केला, आणि तो १९७९ पर्यंत चालला. पेलेची सगळी कारकीर्द त्या काळात सुरू होऊन संपली. तीन विश्वचषक आले, आणि त्याच गल्लीतल्या मुलीनं चेंडूला पाय लावणं कायद्यानं गैर होतं. ब्राझीलच्या पुरुषांकडे आज पाच विश्वचषक आहेत. मार्तासारखी खेळाडू दिलेल्या महिला संघाकडे एकही नाही, २००७ चं उपविजेतेपद ही त्यांची मजल. २०२७ चा महिला विश्वचषक ब्राझीलमध्ये आहे. क्रमवारीतल्या दोन आकड्यांमधलं अंतर मी वाचतो, तेव्हा मला ही बंदीची वर्षं दिसतात.

अर्जेंटिनाचं उदाहरण तर माझ्या मनातून जात नाही. मेस्सीचा संघ २०१४ च्या विश्वचषकात अंतिम फेरीत खेळला. त्यानंतर थोड्याच काळात त्यांच्या महिला संघाला जवळजवळ दोन वर्षं एकही सामना मिळाला नाही, आणि खेळत नसलेला संघ म्हणून त्यांचं नाव यादीतून गळलं. २०१७ मध्ये मुलींनी थकलेल्या भत्त्यासाठी संप केला. आज त्या तिसाच्या आसपास आहेत. पुरुष २०२३ च्या एप्रिलपासून २०२५ च्या सप्टेंबरपर्यंत सलग पहिले होते. उलट टोकाला उत्तर कोरिया. महिला पहिल्या दहांत, पुरुष शंभराच्या पलीकडे. अमेरिकेच्या मुलींनी चार विश्वचषक जिंकले, पुरुष पंधरा-सोळाच्या आसपास.

अशा देशांची सरासरी काढली की फार चुकीचं चित्र दिसतं. एकाची पुण्याई दुसऱ्याची आबाळ झाकून टाकते. म्हणून माझ्या वहीत तिसऱ्या रकान्याचा नियम मी असा ठरवला: जो संघ मागे आहे, त्याचा क्रमांक तोच देशाचा क्रमांक. बरोबरी झाली तर दुसऱ्या संघाचा क्रमांक पाहायचा. घरात एकाच्या ताटात पुरणपोळी आणि दुसऱ्याच्या ताटात काल उरलेली भाकरी असेल, तर त्या घरचं जेवण चांगलं होतं असं आपण म्हणत नाही. या नियमानं अर्जेंटिना तिसावर जातो, ब्राझील सातव्या क्रमांकावर येतो, आणि जर्मनी बाराव्या, कारण सप्टेंबरमध्ये त्यांचे पुरुष बारावे होते. जर्मनी हा पुरुष आणि महिला असे दोन्ही विश्वचषक जिंकणारा पहिला देश, आणि २०२३ मध्ये सिडनीला स्पेनच्या मुलींनी इंग्लंडला हरवेपर्यंत एकमेव.

आकडे एकत्र करणं हा नुसता कागदावरचा खेळ नाही, हे अमेरिकेनं दाखवलं. २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या फेडरेशननं दोन्ही राष्ट्रीय संघांशी करार केला: विश्वचषकात कोणत्याही संघाला मिळालेली बक्षिसाची रक्कम एका ठिकाणी जमा करायची आणि फेडरेशनचा हिस्सा वजा करून निम्मी-निम्मी वाटायची. त्याच वर्षी कतारमध्ये त्यांचे पुरुष शेवटच्या सोळांत पोहोचले, त्याचे १ कोटी ३० लाख डॉलर आले. त्यातून महिला संघाच्या वाट्याला आलेली रक्कम २०१५ आणि २०१९ चे दोन विश्वचषक जिंकून मिळालेल्या बक्षिसाच्या तोडीची होती. ते दोन्ही मिळून होते ६० लाख डॉलर.

आता आपल्याकडे येऊ. २०२२ च्या जानेवारीत महिलांची आशियाई स्पर्धा आपल्या महाराष्ट्रात झाली, मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात. २० जानेवारीला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत आणि इराण सामना शून्य-शून्य सुटला. २३ तारखेला चायनीज तैपेईशी, म्हणजे तैवानशी, सामना होता. संघात कोरोना पसरला, तेरा खेळाडूही उभ्या राहिनात, आणि यजमान भारताला स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं. नियमाप्रमाणे इराणशी झालेला सामनाही रद्दबातल धरला गेला. माझ्या वहीत त्या सामन्याची नोंद आहे. मी ती खोडलेली नाही.

साडेतीन वर्षांनी थायलंडच्या चिआंग माईमध्ये त्याच स्पर्धेची पात्रता फेरी झाली. मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-०, इराकला ५-०. शेवटचा सामना ५ जुलै २०२५ ला यजमान थायलंडशी. ते ४६ वे, आपण ७० वे. संगीता बासफोरनं पहिल्या अर्ध्यात लांबून गोल मारला, उत्तरार्ध सुरू होताच थायलंडनं बरोबरी साधली, आणि ७४ व्या मिनिटाला पुन्हा संगीतानंच चेंडू जाळ्यात घातला. २-१. पात्रता फेरी खेळून भारताच्या मुली आशियाई स्पर्धेत पोहोचल्याचं हे पहिलंच उदाहरण. मघाशी सांगितलेलं गणित इथे कामाला येतं. मंगोलियावर विजय अपेक्षितच होता, म्हणून तेरा गोल मारूनही त्यातून हाती फार लागत नाही. वरच्या क्रमांकाच्या संघाला त्याच्याच मैदानावर हरवलं, तिथे गुण मिळाले. पुढच्या यादीत भारत ७० वरून ६३ वर आला. त्याच जुलैत आपले पुरुष १३३ वर होते. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशाकडून हरले आणि १४२ वर गेले. त्यामुळे माझ्या नियमानं भारताच्या पुढचा आकडा पुरुषांमुळे १४२ पडतो. मुलींना तो मागे ओढतो.

नेरुळच्या त्याच मैदानाची आणखी एक आठवण. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात स्पेनच्या मुलांनी इथे मालीला ३-१ हरवलं. त्यांत फेरान तोरेस होता. २०२२ च्या ३० ऑक्टोबरला इथेच स्पेनच्या मुलींनी सतरा वर्षांखालचा विश्वचषक जिंकला, कोलंबियावर १-०. त्यांत विकी लोपेस होती. दोघंही पुढे देशाच्या मोठ्या संघात गेले. तेच गवत, तेच गोलपोस्ट, आणि तीच लाल जर्सी. दोन्ही याद्यांत पहिला असणारा देश कसा तयार होतो, ते आपल्या दारात दोनदा दिसलं होतं.

त्या मुलीला मी वहीची दोन कोरी पानं फाडून दिली आणि म्हटलं, तूच लिही तुझी यादी. आठवड्यानं तिनं ती आणून दाखवली. पट्टीनं आखलेले रकाने, तीस देश. मुलींचा रकाना डावीकडे, मुलांचा उजवीकडे. सगळे आकडे भरलेले, फक्त अफगाणिस्तानपुढे मुलींची चौकट रिकामी. २०२१ नंतर त्या देशाच्या खेळाडू परागंदा झाल्या, बऱ्याच जणी ऑस्ट्रेलियात राहतात. २०२५ मध्ये फिफानं त्यांचा निर्वासित संघ उभा केला, आणि मोरोक्कोतल्या स्पर्धेत त्यांनी लिबियाला ७-० हरवलं. तिला हे सगळं माहीत होतं. मी विचारलं, "इथे रेघ का नाही मारलीस?"

"त्या खेळतात की काका," ती म्हणाली. "नंबर आला की लिहायचाय."

नमस्कार.