कंडक्टरचे बिऱ्हाड मालगाडीमागून कसे सुटले?

नमस्कार. अमेरिकेतील मालगाडीच्या शेवटी पूर्वी कॅबूस नावाचा एक डबा असे. तो आपल्याकडच्या ब्रेकव्हॅनचा भाऊबंद खरा. परंतु ब्रेकव्हॅन ही गार्डची कामाची जागा, तर कॅबूस हे बराच काळ कंडक्टरचे, म्हणजे गाडीची जबाबदारी असलेल्या माणसाचे, बिऱ्हाड होते. त्यात शेगडी, झोपण्याची फळी, कागदपत्रांचे टेबल आणि छपरावर काचेची एक बुटकी खोली असे. धुरा तापून धूर निघत नाही ना, हे पाहण्यासाठी त्या खोलीतून संपूर्ण गाडीवर नजर ठेवली जाई. अनेक कंपन्यांत एक कॅबूस एकाच कंडक्टरकडे सोपवलेला असे, आणि परगावी मुक्काम पडला की तो त्यातच शिजवून खाई व तिथेच झोपे.

साहजिकच माणूस बदलला की डबाही बदलावा लागे. मालगाडीवरच्या क्रूचा एक दिवसाचा पगार 100 मैलांच्या हिशेबाने ठरत असल्यामुळे क्रू बदलण्याची ठाणी साधारण तेवढ्याच अंतरावर वसली होती. अशा प्रत्येक ठाण्यावर शंटिंगचे इंजिन मागून येई, आधीचा कॅबूस काढून नेई, नव्या कंडक्टरचा आणून जोडी, आणि मग ब्रेकच्या नळीतील हवेचा दाब तपासल्यावरच गाडी हले.

[पडद्यावर: नेब्रास्का ते शिकागो, नकाशा]

अमेरिकेत मालवाहू रेल्वे खासगी आहेत आणि रूळही ज्याचे त्याचे. त्यामुळे हद्द आली की वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, पुढच्या कंपनीच्या यार्डात सोडायच्या, ही जुनी रीत होती. 1960 च्या दशकात लांब पल्ल्याच्या ट्रकांनी माल पळवायला सुरुवात केल्यावर इंजिनांसकट अख्खी गाडीच पलीकडे पाठवण्याची पद्धत फोफावली. युनियन पॅसिफिकची गाडी नेब्रास्कातील फ्रीमाँट येथे शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नच्या ताब्यात जाई आणि तीच इंजिने तिला शिकागोपर्यंत ओढत. परक्या इंजिनांचे भाडे रोख चुकते करण्याऐवजी अश्वशक्ती-तासांचा (इंजिनाची अश्वशक्ती गुणिले वापराचे तास) हिशेब ठेवला जाई आणि फेड आपल्या इंजिनांनी केली जाई.

क्रू मात्र हद्दीवर उतरे. चढ-उतार, वळणे, सिग्नल हे सारे अंगवळणी पडल्याशिवाय त्या मार्गावर गाडी नेता येत नाही. शिवाय नियमपुस्तक वेगळे आणि सेवाज्येष्ठतेची यादीही वेगळी. आता प्रश्न कॅबूसचा. दर ठाण्यावर तो काढत बसल्यास वाचवलेला वेळ पुन्हा यार्डातच जाणार. म्हणून कामगार संघटनांशी करार होऊन कॅबूस सामाईक झाले, आणि कंडक्टर हॉटेलात झोपू लागला. माझ्या मते कॅबूस खरा संपला तो इथेच. ज्या डब्यात कोणाचेच बिऱ्हाड उरले नाही, तो केवळ खर्चाचा डबा ठरला.

सामाईक कॅबूसच्या काळातील क्रूबदल पाहण्यासारखा असे. इंजिन ठाण्याच्या इमारतीसमोर थांबे, पुढची माणसे बदलत. परंतु मागची माणसे मैलभर लांब! म्हणून नवा चालक गाडी अगदी सावकाश पुढे काढी, वाघिणी एकेक करून सरकत जात, आणि उतरलेली व चढणारी माणसे रुळांच्या दोन्ही बाजूंना उभी राहून चाके न्याहाळत. कॅबूस समोर आला की जुना कंडक्टर कागद हाती देऊन उतरे आणि नवा चढे. यात चालकाचा हात हलका हवा. कपलिंगांमधील ढिलाई एकदम ताणली गेली, तर शंभर वाघिणींचा धक्का शेवटच्या डब्यातील माणसाला थेट भिंतीवर आदळत असे.

1982 च्या राष्ट्रीय करारानंतर कॅबूस काढण्याची वाट मोकळी झाली. त्याच्या जागी शेवटच्या कपलिंगवर लुकलुकता दिवा असलेली पेटी आली, जी ब्रेकच्या नळीतील दाब रेडिओवरून इंजिनाला कळवते. पण कॅबूसमधील माणूस आणीबाणीत मागून ब्रेक लावू शकत होता आणि सुरुवातीच्या पेट्यांना ते जमत नव्हते. कॅलिफोर्नियातील कहोन घाटात फेब्रुवारी 1996 मध्ये ताबा सुटलेली गाडी घसरून दोघांचा जीव गेला. इंजिनातून आज्ञा घेऊन मागचा ब्रेक लावणारी दुहेरी पेटी 1997 पासून घाटमार्गांसह बहुतेक ठिकाणी सक्तीची झाली.

आता चालक आणि कंडक्टर ही दोन्ही माणसे इंजिनातच असल्यामुळे क्रूबदल एकाच जागी उरकतो. कायद्याने ठरलेले कामाचे 12 तास भरले, तर गाडी मध्येच उभी करून नवा क्रू मोटारीने पाठवतात. मात्र मधल्या एखाद्या वाघिणीची नळी सुटली, तर कंडक्टरला खाली उतरून, खडीवरून चालत ती शोधावी लागते, कारण मागून यायला आता कोणीच नसते.