डॉ. सौ.

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात नौपाड्याच्या जुन्या गल्ल्यांतून फिरताना दवाखान्यांच्या पाट्या जरा नीट बघा. नवरा-बायको दोघंही डॉक्टर असले, की वर त्याचं नाव, नुसतं 'डॉ.' लावून. खाली तिचं, 'डॉ. सौ.' लावून. 'डॉ. श्री.' अशी पाटी मी तरी अजून पाहिलेली नाही. बरं, 'डॉक्टरीणबाई' म्हणावं, तर ती स्वतः डॉक्टर की डॉक्टरांची बायको, हेही विचारून घ्यावं लागतं!

मध्यंतरी वॉर्डात राउंड घेत होते. गळ्यात स्टेथोस्कोप, मागे माझाच विद्यार्थी, मिसरूड नुकतं फुटलेलं. खाटेवरच्या आजी मला म्हणाल्या, "सिस्टर, सलाईन बघा हो जरा." आणि त्याला, "डॉक्टरसाहेब, घरी कधी सोडताय?" पोरगं कानापर्यंत लाल. मी आधी सलाईन बघितलं. खरंच बंद पडलं होतं. सिस्टर म्हणवून घेण्यात कमीपणा नाही, वॉर्ड त्यांच्याच जिवावर चालतो. पण घरी सोडायचं की नाही, हे मी ठरवणार होते.

आजींचं सोडा, शिकलेल्यांचं काय? अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी वैद्यकीय व्याख्यानांची चित्रीकरणं तपासली आणि २०१७ साली आकडे छापले. वक्त्याची ओळख पुरुष करून देत असेल, तर पुरुष वक्त्याला 'डॉक्टर' म्हटलं गेलं सुमारे ७२ टक्के वेळा. बाईला ४९.

त्यात कातडीचा रंग काळा असला तर आणखी वेगळं. २०१६ साली विमानात एक प्रवासी बेशुद्ध पडला. डॉ. टमिका क्रॉस मदतीला सरसावल्या, तर त्यांनाच थांबवलं. आम्हाला खरा डॉक्टर हवाय, म्हणे. नंतर एक गोरा पुरुष पुढे आला, तो लगेच चालला. हे त्यांनी स्वतःच लिहिलंय.

आणि आपण? भाऊ दाजी लाडांच्या नावामागे 'डॉक्टर' आपसूक येतं. भायखळ्याच्या संग्रहालयावरही तेच. कल्याणला वाढलेल्या आणि १८८६ साली पेनसिल्व्हेनियातून एम.डी. झालेल्या आनंदी जोशी मात्र आपल्या बोलण्यात 'आनंदीबाई'च.

परवा आमच्या दवाखान्याची पाटी रंगवायला दिली. पेंटर म्हणाला, "मॅडम, तुमच्या नावाला 'सौ.' लावायचं ना?" म्हटलं, "साहेबांना 'श्री.' लावणार असाल, तर लावा."

"नको मॅडम," तो म्हणाला, "अक्षरं वाढतात."